बिनमिठाच्या चुलीच्या गावी

बीड जिल्ह्यात हिंडायला म्हणून कुणी जात नाही, निदान आमच्या चिपळुणातून तरी नाही. जातात ते आमच्यासारखे, ज्यांची कुलस्वामिनी अंबाजोगाईची योगेश्वरी आहे ते. तेही आयुष्यात एकदोनदा, घरात लग्न झालं की गाडी करून, आणि दर्शन आटोपलं की परत. मीही शेजारीपाजारी तसंच सांगून निघालो. खरं कारण निराळं होतं. माझ्या बायकोने, नलिनीने, मला एका अनोळखी माणसाची तब्येत विचारून यायला पाठवलं होतं.

नलिनीची मूत्रपिंडं निकामी झाली त्याला आता बरेच दिवस झाले. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. त्याखेरीज पथ्य. मीठ जवळजवळ नाही, पाणी मोजून, डाळ बेतानं, भाजी चिरून कोमट पाण्यात भिजत घालायची, ते पाणी फेकायचं, मग भरपूर पाण्यात उकडायची आणि तेही फेकायचं. केळं नाही, टोमॅटो नाही आणि नारळ नाही. कोकणातल्या स्वयंपाकघरातून नारळ आणि मीठ काढून घेतल्यावर मागे काय उरतं, ते मला सांगता यायचं नाही, कारण तोवर मी चहापलीकडे काही केलेलं नव्हतं. चित्रकलेचा मास्तर मी, निवृत्त. नलिनीच्या हातात ताकद राहिली नाही तेव्हा पहिल्यांदा विळीवर बसलो.

डॉक्टरांच्या कागदावर काय खायचं नाही ते होतं. काय खायचं ते शोधायला मी फोन हातात घेतला. तिथे आरोग्याच्या नावाने स्वयंपाक करणाऱ्यांची जत्राच भरलेली. पांढऱ्याशुभ्र ओट्यावर कुणी खजूर-बदामाचे लाडू वळतंय, कुणी पालकाचा रस काढतंय, कुणी नारळपाण्याचे फायदे सांगतंय. सगळं पौष्टिक, आणि नलिनीला त्यातलं एकेक विषासारखं. निरोगी माणसांनी निरोगी माणसांसाठी केलेला तो स्वयंपाक. मी वैतागून फोन ठेवणार, तेवढ्यात ‘बिनमिठाची चूल’ सापडली.

मातीची चूल, काळे तवे, आणि बांगड्या भरलेले दोन हात. बाई तोंड दाखवायची नाही, फक्त बोलायची. “नमस्कार, मी अयोध्या, युसूफ वडगावहून. आमच्या ह्यांचं डायलिसिस चालू हाय, तर आज ह्यांच्यासाठी दोडक्याची भाजी करू.” मग दोनदा पाणी फेकणं, लसूण ठेचून तेलात करपू न देता लाल करणं, जिऱ्याची पूड वरून घालणं, म्हणजे मिठाची आठवण कमी होते. शेवटी ताट पुढे सरकायचं आणि तिचा नवरा नामदेव दिसायचा. हडकलेला, पण मिशी कोरलेली. एक घास खायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, “मंडळी, लई भारी झालंय बगा.”

त्या एका वाक्यावर नलिनी जेवायची. यंत्राला जोडलेली असताना ती हे व्हिडिओ बघायची आणि घरी आल्यावर म्हणायची, “आज नामदेवरावांनी दुधी खाल्ला. आपल्याकडेही करा.” मी करायचो. ती खायची आणि म्हणायची, “छान झालाय.” आमचं असं चाललं होतं.

मग व्हिडिओ येणं थांबलं. एक महिना, दोन महिने. दिवाळी गेली, संक्रांत गेली. नलिनीचं जेवण हळूहळू उतरत गेलं. एक दिवस ती म्हणाली, “जाऊन बघून या.”

“कुठे?”

“त्यांच्या गावी. ते कसे आहेत ते बघून या. मला दुसरं काही नको.”

तिची बहीण सुधा सोबतीला येऊन राहिली आणि मी निघालो.

नेकनूर

पुण्यापर्यंतचा आणि तिथून बीडपर्यंतचा प्रवास सांगण्यासारखा नाही. बीडहून पुढची एसटी मात्र नेकनूरच्या अलीकडेच बसली. चाकातून काही तरी निसटलं होतं. कंडक्टर म्हणाला, “मागची गाडी येईल, तिच्यात बसवून देतो,” आणि तो स्वतः लिंबाखाली जाऊन आडवा झाला. इकडे कडुनिंबाला लिंब म्हणतात. आम्ही चालत गावात आलो.

फाल्गुनातलं ऊन. आमच्याकडे उन्हाला घाम असतो, इथे ते कोरडं, कातडीला चिकटून बसणारं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि तिच्यावर ज्वारी काढून रचलेल्या कडब्याच्या गंजी. लांब बालाघाटाचे बोडके डोंगर. आमच्या डोळ्यांना डोंगर म्हणजे हिरवा, ही खूणगाठ पक्की असते. हे डोंगर बघून मला कुणीतरी केस काढलेलं माणूस बघितल्यासारखं झालं.

स्टँडजवळ एक पत्र्याचं हॉटेल होतं. मालकीणबाई भाकरी थापत होत्या. मी विचारलं, “बिनमिठाचं काही मिळेल का?”

“मिठाबिगर? कावून? उपास हाय का?”

“उपास नाही. घरी पत्नीला पथ्य आहे. मीही तेच खातो, सवय झालीय.”

बाईंनी थापता थापता माझ्याकडे नीट बघितलं. “रोग त्यांना हाय ना? मग तुमी कावून जीव मारता? खावा की.”

त्यांनी समोर ताट ठेवलं. पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते ठेच्याने आलं असं मी बाईंना सांगितलं. जिभेला मिठाची ओळखच राहिली नव्हती. ते पिठलं जिभेवर पसरलं आणि अंगभर काही तरी जागं झालं. मी एक भाकरी खाल्ली, दुसरी मागितली, तिसरी मागितली. पिठल्याची वाटी बोटाने पुसून घेतली. बाई हसून म्हणाल्या, “बगा, किती दिवसाची भूक व्हती!”

हात धुताना नलिनीची आठवण झाली. ती यातलं काही पुन्हा कधी खाणार नव्हती. माझ्या जिभेला एका जेवणात परत मिळालं ते तिला मिळणार नव्हतं, आणि रोज मी तिच्यासमोर बसून तिच्यासारखंच खातो म्हणून तिला सोबत होते, अशी जी माझी समजूत होती ती मला पोरकट वाटायला लागली. तेवढ्यात कंडक्टरने हाक मारली. मागची गाडी आली होती.

युसूफ वडगाव

केजवरून वडगावला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. गाव मोठं, बाजारपेठेचं. बी-बियाण्यांची दुकानं, मोबाइलची दुकानं, चहाच्या टपऱ्या. एका टपरीवर विचारलं, “अयोध्याबाई कुठे राहतात? त्या व्हिडिओ करतात त्या.”

दोघंतिघं एकमेकांकडे बघून हसले. एक जण म्हणाला, “यूट्यूबवाली व्हय? कुठलं व्हिडिओ आता! बापूनं बंद केलं समदं.” दुसऱ्याने त्याला दटावलं, “गप बे. पाव्हणं म्हातारं माणूस हायत.” मग मला म्हणाला, “सरळ जावा. मारुतीच्या पुढं जीप उभी असंल, ते घर.”

“नामदेवराव कसे आहेत?” मी विचारलं.

तो कपात बघायला लागला. “तुमी घरी जावा की,” म्हणाला.

तिथेच मला कळलं. तरी पाय पुढे जात राहिले.

जीपच्या काचेवर कुठल्याशा निवडणुकीचं पत्रक चिकटवलेलं होतं. ओसरीवर दोनचार माणसं आणि मधोमध पांढऱ्या कपड्यातला चाळिशीतला एक जण, नामदेवसारखाच चेहरा, फक्त भरलेला. तो नामदेवचा धाकटा भाऊ, बापू. मी कोकणातून आलो म्हणताच तो उठून उभा राहिला. पाणी आलं, चहा आला. मी सगळं सांगितलं. नलिनीचं दुखणं, डायलिसिस, बिनमिठाची चूल. बापूने हाताने खूण केली तशी ओसरीवरची माणसं उठून गेली.

“माजा भाऊ गेला गुरुजी,” तो म्हणाला. “दिवाळीच्या आदी.”

मी चहाचा कप खाली ठेवला.

“मीच नेत व्हतो अंबाजोगाईला, दर खेपंला. डॉक्टर चांगले, नर्सबाया चांगल्या. सगळ्यांनी केलं. न्हाई राहिला.” त्याने खिशातून फोन काढला. “वैनीनं नंतर एक व्हिडिओ टाकलता. लोकांना सांगाया, की ह्ये गेले म्हनून. रडता रडता मधीच जुनं कायतरी आठवून जरा हसली. तेवढंच. बगा काय काय लिवलंय माणसांनी.”

त्याने फोन पुढे केला. नवरा जाऊन पंधरवडा नाही झाला आणि हिला लाइक पाहिजेत. नवऱ्याला बिनमिठाचं घालून मारलं. आता कुणासाठी रांधणार, बाई. त्याखालचं मला वाचवेना. तो व्हिडिओ तिने त्याच दिवशी काढून टाकला होता, म्हणून आम्हाला तो दिसलाच नव्हता.

“पोलिसात देऊ म्हनलं तर वैनी नको म्हनली. मी राजकारणातला माणूस, गाव म्हनतंय बापूनं इज्जतीपायी वैनीचं तोंड बंद केलं. म्हनू द्या.” मग आत बघून त्याने हाक दिली, “वैनी, कोकणातून पाव्हणं आलेत. तुमच्या व्हिडिओवाले.”

ती दारात आली. पस्तिशीची असेल. डोक्यावर पदर, हातात बांगड्या नव्हत्या. इतके दिवस मी ज्या हातांना ओळखत होतो ते हे हात नव्हतेच, असं क्षणभर वाटलं. तिने नमस्कार केला आणि पहिलं काय विचारलं, तर, “काकू जेवत्यात का?”

“नाही,” मी म्हटलं. “आता फारसं नाही.”

तिने मान हलवली आणि आत गेली.

मुक्कामाला राहा, असा बापूचा आग्रह पडला, आणि योगेश्वरी आमची कुलस्वामिनी म्हटल्यावर तर तो ऐकेचना. “मग तुमी आमचेच हायत की. सकाळी मीच सोडतो अंबाजोगाईला.”

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. बापू, मी आणि बापूची आई. अयोध्या वाढत होती. स्वयंपाक आता आत गॅसवर होतो. अंगणातली ती चूल पत्र्याने झाकून ठेवलेली होती. ज्वारीची भाकरी आमच्या तांदळाच्या भाकरीच्या दुप्पट मोठी आणि पापुद्रा सुटलेली. सोबत येसराची आमटी. येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून दळलेलं पीठ, आमच्या मेतकुटाचं तिखट भावंड म्हणावं तसं. मी भाकरी कुस्करली, आमटी ओतली, घास घेतला.

मीठ नव्हतं. कमी नव्हे, मुळीच नव्हतं. आमटीत नव्हतं, भाकरीत नव्हतं. मला वाटलं माझ्यासाठी वेगळं केलं असावं, म्हणून बापूकडे बघितलं. ताटांच्या मध्ये एक स्टीलचा डबा होता. बापूने न बोलता तो उघडला, चिमूट आमटीत टाकली, डबा आईकडे सरकवला. आईने घेतली आणि माझ्याकडे सरकवला. कुणी वर बघितलं नाही. अयोध्या दुसरी भाकरी भाजत होती.

जेवण झाल्यावर बापू कुणाकडे बसायला गेला. मी ओसरीवर होतो. अयोध्येच्या सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. अयोध्या येऊन उंबऱ्यावर टेकली. मला जे मागायचं होतं ते मी मागून टाकलं. म्हटलं, “ताई, आमच्यासारखी किती माणसं असतील कोण जाणे. डॉक्टर कागद देतात, पण घास कसा करायचा ते तुम्ही शिकवलंत. मी तुमच्यामुळे फोडणी द्यायला शिकलो. पुन्हा सुरू करा. लोकांचं मनावर घेऊ नका. बापूंशी मी बोलतो.”

“बापूंनी न्हाई बंद केलं काका,” ती म्हणाली. “ते आपल्या अंगावर घेत्यात. बंद मीच केलं.”

“का?”

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “ते ‘लई भारी झालंय’ म्हनायचे ना? ते खोटं व्हतं.”

मला नीट कळलं नाही.

“कॅमेरा बंद झाला की ताट सरकवायचे. पयल्यांदा मी भांडले. एवढं राबते अन् तुमी कॅमेऱ्याम्होरं एक बोलता, मागं एक. तर म्हनले, ‘अयोध्या, बगणारे बी माज्यासारखेच पडलेले असतेत बिचारे. मी तोंड वाकडं केलं तर त्यांच्या घशाखाली घास जाईल का?’ मग मला ध्यानात आलं. व्हिडिओ टाकायचा नसला तरी मी रोज फोन म्होरं लावून ठेवायला लागले. कॅमेरा चालू हाय म्हनून तेवढे चार घास पोटात जायचे. लोकांसाठी खायचे हो ते. माज्यासाठी न्हाई, सोतासाठी बी न्हाई.”

सासूबाईंनी तोंड फिरवलं.

“त्या दिवशी शेंगदाण्याची चटणी मागितली,” अयोध्या सांगत होती. “बोटभर. म्हनले, नुसती जिभेला लाव. मी न्हाई दिली. वाटलं, आज दिली तर रोज मागतील. लई समजावलं त्यांना. दुसऱ्या दिवशी दम लागला, दवाखान्यात नेलं, अन् तितूनच...” तिने वाक्य सोडून दिलं. “बोटभर चटणीनं काय झालं असतं काका? तुमी शिकलेले हायत, सांगा.”

काही झालं नसतं हेही खरं असू शकतं, आणि झालं असतं हेही. दोन्हींतलं कुठलंही उत्तर तिला बरं करणारं नव्हतं.

“डॉक्टर म्हनले, तुमी लई नीट सांभाळलं, म्हनून एवढे दिवस निघाले. नीट सांभाळलं! त्यांच्या ताटातून एकेक काढून घेतलं, मीठ काढलं, दाणं काढलं, केळं काढलं. जगावेत म्हनून काढलं. अन् जगले बी न्हाईत. मग मी त्यांना दिलं काय?”

“पण ताई, ते व्हिडिओ...”

“जुने हायत की. बगा ते.” ती उठली. “नवीन कुणाच्या तोंडाकडं बगून करू?”

वडगावची सकाळ

रात्रभर मी ओसरीवर पडून विचार करत राहिलो, तो नामदेवचा नव्हता. नलिनी रोज म्हणते, “छान झालंय.” तेव्हा ती माझ्याकडे बघत नाही, ताटाकडे बघते. हे मला आजवर दिसलं नव्हतं असं नाही, पण त्याला अर्थ असेल असं वाटलं नव्हतं.

सकाळी चहा पिताना फोन वाजला. नलिनीच. “पोचलात ना? भेटले का?”

“पोचलो,” मी म्हटलं. “थांब, अयोध्याताईंशीच बोल.”

फोनवर हात ठेवून मी अंगण झाडत असलेल्या अयोध्येजवळ गेलो. हळूच म्हटलं, “तिला ठाऊक नाही. आत्ता फोनवर नका सांगू. मी घरी गेल्यावर बघतो.” तिने खराटा टाकला, हात पदराला पुसले आणि फोन कानाला लावला. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं.

“व्हय काकू, मीच. नमस्कार... न्हाई हो, फोन बिघडलाता, म्हनून न्हाई टाकले.” ती थांबली. पलीकडून काय विचारलं असेल ते मला कळलं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं.

“बरे हायत की,” ती म्हणाली. “आत्ताच शेतात गेलेत. ज्वारी काढायला चाललीय ना. मी म्हनलं, उन्हाचं जाऊ नका, तर आइकत्यात व्हय? गमजा बांधला अन् निघाले.”

तिचा आवाज बदलत गेला. तो व्हिडिओतला आवाज होता. “काल म्हनले, आमटी पातळ केली. मी म्हनलं, तुमाला पाणी मोजून हाय, तर आमटीतून चोरून पिता व्हय?” ती हसली. खरंच हसली. “व्हय, सांगते ना त्यांना. काकूनं इचारलं म्हनून सांगते. तुमी जेवत जावा. ते जेवत्यात, तसं जेवत जावा.”

सासूबाई गोठ्याच्या दाराशी तोंडात पदर कोंबून उभ्या होत्या.

अयोध्येने फोन माझ्या हातात दिला. “ठेवा काका आता,” ती म्हणाली. “अजून बोलले तर मलाच खरं वाटंल.” मग खराटा उचलून ती अंगणाच्या पलीकडच्या टोकाला गेली आणि मी निघेपर्यंत झाडत राहिली.

अंबाजोगाई

जीप बापूच चालवत होता. वाटेत एक धनगराचा कळप आडवा आला तेव्हा थांबावं लागलं. मेंढ्या संपता संपेनात. तेव्हा तो म्हणाला, “कालचं जेवण कसं लागलं गुरुजी? खरं सांगा.”

“मीठ विसरलं असेल,” मी म्हटलं.

“इसरत न्हाई. हातच जात न्हाई तिचा मिठाकडं. एकदा आई बोलली, तर चार दिवस अन्नाला शिवली न्हाई. तवापासनं मीच डबा ताटापाशी ठेवायला लावला. घरात पाव्हणं आलं की जरा पंचाईत व्हती, दुसरं काय.” त्याने जीप पुढे काढली. “माहेरी धाडावं म्हनलं, तर माहेरी कुणी न्हाई. व्हईल बरं, म्हनत्यात लोक. मला काय दिसत न्हाई तसं.”

देवळाशी त्याने मला सोडलं, वाकून नमस्कार केला आणि गेला. गाव त्याच्याबद्दल जे बोलत होतं ते तसंच अंगावर घेऊन हा माणूस त्याच गावात निवडणुकीला उभा राहणार होता.

योगेश्वरीला मी लग्नानंतर नलिनीबरोबर आलो होतो, त्यानंतर आत्ता. तेव्हा नलिनीने देवीला काय मागितलं ते मला सांगितलं नव्हतं, सांगायचं नसतं म्हणाली होती. गाभाऱ्यात फारशी गर्दी नव्हती. पुजाऱ्याने प्रसादाचा तांबूल हातावर ठेवला आणि म्हणाला, “मागा काय मागायचं ते.” मी हात जोडून उभा राहिलो. तिचं आयुष्य मागावं, तर ते कसलं आयुष्य मागतोय ते कालच ऐकून आलो होतो. तिची सुटका मागावी, तर तेवढं धैर्य माझ्यात नाही. मागच्या माणसाचा धक्का लागला आणि मी पुढे सरकलो. कुलस्वामिनीपुढून काही न मागता परत आलेला आमच्या घराण्यातला मी बहुधा पहिलाच.

बाहेर पायरीवर बसून तांबूल खाल्ला. समोरून डबे घेतलेली माणसं मोठ्या दवाखान्याच्या दिशेने चालली होती. कापडात बांधलेले, पिशवीतून वाफ येणारे डबे. त्यांतल्या कितींत मीठ असेल, आणि कुठल्या घरी कोण खोटं खोटं “छान झालंय” म्हणत असेल, असं मनात येत राहिलं. एसटी लागली तेव्हा उठलो.

चिपळूण

घरी पोचलो. सुधा तिच्या घरी गेली. नलिनी खिडकीपाशी उशीला टेकून बसली होती. मी पाण्याचा घोट घेतला आणि वाटेत घोकलेलं सांगायला सुरुवात केली. गाव मोठं आहे, माणसं चांगली आहेत, ज्वारीची काढणी चालू आहे.

तिने मला मध्येच थांबवलं. “ते गेले ना?”

“शेतात...”

“अहो, मी तिचा आवाज ऐकलाय. नवरा शेतात गेलेल्या बाईचा आवाज तसा नसतो. ती फार आनंदात बोलत होती.”

मग मी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, चटणीसुद्धा नाही. कॅमेरा लावल्यावरच ते चार घास खायचे, हेही सांगितलं. नलिनी रडली नाही. खिडकीबाहेर बघत तिने सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, “बिचारी. तिला मी उगाच बोलायला लावलं.”

संध्याकाळी मी दुधीची भाजी केली. दोनदा पाणी फेकून, लसूण लाल करून, जिऱ्याची पूड वरून. मऊ भात केला. ताट तिच्या मांडीवरच्या पाटावर ठेवलं आणि समोर बसलो. तिने घास घेतला, सावकाश चावला, गिळला. मग ताटाकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

“चव नाही हो याला,” ती म्हणाली. “कधीच नव्हती.”

“ठाऊक आहे,” मी म्हटलं.

“तुम्हाला राग नाही ना आला?”

“नाही.”

“बरं वाटलं सांगून.” तिने आणखी दोन घास खाल्ले आणि पाट पुढे सरकवला. ‘अजून एक घे’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी ते बोललो नाही. तिचं उरलेलं माझ्या ताटात घेतलं आणि खाल्लं.

तेव्हापासून ती खोटं बोलत नाही. जाईल तेवढं खाते आणि थांबते. रोज आदल्या दिवसाहून थोडं कमी. मी रांधतो मात्र तेवढंच.